मठ, बंगला आणि सापाचं औषध

मी इस्लापूरहून बोलतेय. मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका काकूंनी विचारलं, "ताई, साप चावल्यावर देतात ते इंजेक्शन बनतं तरी कुठं?" त्याचं उत्तर एका जुन्या घराच्या गोष्टीत आहे.

मुंबईत परळला पोर्तुगीजांच्या काळी ख्रिस्ती साधूंचा मठ होता. अठराव्या शतकात इंग्रजांनी तो ताब्यात घेतला. पुढं तिथं गव्हर्नरचा बंगला झाला. तेव्हा परळ म्हणजे शहराबाहेरचं मोकळं गाव. जिथं प्रार्थना व्हायची, त्याच दालनात मेजवान्या होऊ लागल्या. पण १८८२ साली गव्हर्नरची पत्नी तिथं कॉलऱ्यानं वारली. नंतर गव्हर्नरांनी मुक्काम मलबार हिलला हलवला.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी त्यावर लस शोधली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा याच बंगल्यात आली. तीच आजची हाफकिन संस्था. पुढं तिनं सापाच्या विषावरचं औषधही तयार केलं. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात आणि त्याच्या रक्तातून औषध काढतात.

साहेबाच्या घरातून निघालेली ही विद्या आता आपल्या हक्काची आहे. म्हणून रानात कुणाला साप चावला, तर मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. जखम कापू नका, दोरी आवळू नका. माणसाला धीर द्या, चालू देऊ नका, तडक सरकारी दवाखान्यात न्या. एवढं घरोघरी सांगा.