बातमीला लाइन क्लिअर

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



'वृत्तपत्रे आणि सार्वजनिक जीवन' असा भारदस्त विषय मंडळाने एका रेल्वेवाल्याला दिला, याबद्दल आभार. मी डिप्लोमा करून सिग्नल खात्यात लागलेला माणूस. वृत्तपत्राशी माझा संबंध सकाळच्या चहापुरता. पण निरोप खरा आहे ना, हे पाहिल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नाही, हेच आमचे काम. त्या बाजूने थोडे बोलतो.

लोकमान्यांनी आणि 'केसरी'ने सार्वजनिक उत्सवाला बळ दिले, हे आपण दरवर्षी ऐकतो. त्याच केसरीची एक हकिगत कमी सांगितली जाते. पत्र १८८१ साली निघाले आणि १८८२ मध्ये केसरीचे संपादक आगरकर व 'मराठा'चे संपादक टिळक डोंगरीच्या तुरुंगात होते. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ चालला आहे असे छापून त्यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवला होता. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ज्या पत्रांचा आधार होता ती बनावट निघाली. दोघांनी दिलगिरीही व्यक्त केली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली; १०१ दिवसांनी सुटले. महाराजांचे हाल मात्र खोटे नव्हते. १८८३ च्या डिसेंबरात ते अहमदनगरला नजरकैदेतच वारले. म्हणजे कळकळ खरी, पण कागद खोटे!

मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की खटला भरायला कोणीतरी सापडले. अंकावर मुद्रकाचे नाव होते. चूक झाली तर कोणाच्या दारात जायचे हे बर्व्यांना ठाऊक होते.

आता आपल्या गावात या. ऑगस्ट २०१२. आसामात कोक्राझारकडे जुलैपासून दंगली चालू होत्या. इथे बंगळुरात ईशान्येकडच्या मुलांच्या मोबाईलवर निरोप फिरू लागले, की ईदच्या आत शहर सोडा, नाहीतर हल्ले होतील. १५ ऑगस्टला सिटी स्टेशनवर पाय ठेवायला जागा उरली नाही. हॉटेलांत, सिक्युरिटीत, ब्यूटी पार्लरमध्ये काम करणारी ही पोरे पगाराचीही वाट न पाहता तीन हजार किलोमीटरवरच्या गुवाहाटीला निघाली. राज्याचे मंत्री स्टेशनवर येऊन हात जोडून थांबा म्हणत होते. कोणी थांबेना. रेल्वेने जादा गाड्या सोडल्या. सोडायलाच हव्या होत्या. पण लोकांनी त्याचाही अर्थ असा घेतला, की सरकारच गाड्या सोडते आहे म्हणजे काहीतरी आहेच. वाहिन्यांवर तीच गर्दी दिवसभर. खोलीवर शांत बसलेला मुलगाही ती पाहून पिशवी भरणारच. शेवटी केंद्र सरकारला एसएमएसवर मर्यादा घालावी लागली, एका वेळी पाचच. निरोपात सांगितलेला तो हल्ला काही झाला नाही. तो निरोप कोणी लिहिला? खाली नाव नव्हते. शिवाय इथली वर्तमानपत्रे कन्नड आणि इंग्रजी. त्यांत खुलासे छापून आले तरी भेदरलेल्या माणसाचा विश्वास आपल्या भाषेतल्या निरोपावरच बसणार.

हे आपल्याला परके वाटू नये म्हणून सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली. तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले. त्या आठवड्यात आपल्यापैकी किती जणांना सांगली-पुण्याहून फोन आले? "तिकडे सगळं ठीक ना? बाहेर पडू नका हं." आपण भाजी घेऊन येत होतो, शेजारच्या अम्मांनी हुळीची वाटी पाठवली होती. पण आत्याने मराठी वाहिनीवर तीच काच वीस वेळा फुटताना पाहिली होती. आणि शेजाऱ्यांनी कन्नड वाहिनीवर काळे फासलेली बस. एकाच मजल्यावर दोन घरे, दोन निरनिराळे दिवस जगत होती.

आमच्याकडे स्टेशन मास्तर फाटकवाल्याला फोन करतो, तेव्हा नुसत्या "हां, बंद केलं" यावर गाडी सुटत नाही. फाटकवाला आपल्या कागदावरचा पुढचा प्रायव्हेट नंबर सांगतो, मास्तर तो लिहून घेतो, फाटकवाला तो खोडतो. दोघे वीस वर्षांचे मित्र असले तरी हेच. आवाज ओळखीचा आहे, हे आमच्यात पुरावा म्हणून चालत नाही. आपण मात्र मेव्हण्याने पाठवले एवढ्यावर पुढे ढकलतो!

वृत्तपत्रे निर्दोष आहेत असे मी म्हणत नाही. जाहिरात कुठे संपते आणि बातमी कुठे सुरू होते, हे शोधायला हल्ली भिंग लागते. निवडणुकीच्या दिवसांत तर भिंगही पुरत नाही. तरी पानाच्या तळाशी एक नाव, एक पत्ता असतो, आणि तो तिथे छापणे कायद्याने भाग आहे.

समितीला एक सुचवतो. मंडळाच्या खोलीत दोन मराठी दैनिके येतात. तिसरे कन्नड लावावे. आपली मुले शाळेत कन्नड शिकलेली आहेत. त्यांनी रविवारी पहिले पान मोठ्याने वाचून आजोबा-आजींना मराठीत सांगावे. वर्गणीचा प्रश्न आल्यास पहिल्या वर्षाची माझ्याकडे लागली. रद्दीचे पैसे मंडळाचे.