सीमेवरच्या अटी

द्रावणातील विसरणाचे समीकरण संगणकास दिले म्हणजे उत्तर मिळाले, असे नव्हे. त्याची उत्तरे असंख्य. त्यांतून एक निवडतात ती आरंभीची स्थिती आणि सीमेवरच्या अटी. १९०३ मध्ये कॉट्रेल यांनी विद्युत्‌अग्राच्या पृष्ठभागी संहती शून्य धरली, आणि प्रवाह काळाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, हा नियम त्यांना लाभला. अभिक्रिया मंद असेल तर मात्र ही अट चालत नाही. तेथे वेगाचे समीकरणच सीमेवर बसवावे लागते.

दुसरी सीमा दूरची, म्हणून बहुधा उपेक्षित! तेथे संहती मूळचीच राहते असे मानतात. पण दूर म्हणजे किती? विसरणांक व काळ यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाची सहापट, असा प्रघात आहे. विसरणांक दर सेकंदास ०.००००१ चौरस सेंटिमीटर असता एका सेकंदाच्या प्रयोगास सुमारे ०.१९ मिलिमीटर पुरतात. शंभर सेकंदांस १.९ लागतात. आता पाहा, कोणी शंभर सेकंदांसाठीही ०.१९ च ठेवले, तर संगणक तक्रार करीत नाही. तो गुळगुळीत वक्र काढून देतो. त्या मानीव सीमेतून ताजे द्रव्य अखंड येत राहते, प्रवाह घटावयाचा थांबतो, आणि अखेरीस तो कॉट्रेल यांच्या नियमाच्या जवळजवळ तिप्पट भरतो.