देवी कोणाची, देऊळ कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणस्थ ब्राह्मणांच्या अनेक घराण्यांची कुलदेवता आहे. ही गोष्ट इतकी परिचयाची झाली आहे की तिच्यातले नवल आता कोणाला जाणवत नाही. कुलदेवता सामान्यतः मूळ गावाच्या पंचक्रोशीत असावी. मग चिपळूण-गुहागरकडच्या घराण्यांची देवी सह्याद्रीपलीकडे, कित्येक दिवसांच्या वाटेवर, बालाघाटाच्या डोंगरात कशी? लोककथा याचे उत्तर देते. परशुरामाने समुद्र हटवून भूमी मिळविली आणि चितेवरून चौदा पुरुष उठविले. त्यांच्या संसारासाठी वधू हव्या होत्या. त्या अंबाजोगाईहून आल्या. मात्र मुली देणाऱ्यांनी एक अट घातली. आमची देवी ही तुमची कुलदेवी झाली पाहिजे.

ही कथा म्हणजे इतिहास नव्हे. परंतु ती रचणाऱ्या आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्या समाजाला एक सत्य ठाऊक होते. नव्या मुलखात वस्ती करणारा माणूस आपला पराक्रमी देव बरोबर आणतो. त्याचा देव्हारा मात्र घरात आलेली सून मांडते. देवाची देवघेव प्रथम सोयरिकीतून होते, पोथीत ती मागाहून येते. दुसरे असे की, ज्याच्या हाती काही देण्यासारखे असते तोच अट घालू शकतो. या कथेत आधीच्या लोकांची बाजू दुबळी नाही.

आधीचे आणि मागाहून आलेले यांची गाठ पडली म्हणजे धर्माचे काय होते, हा आजचा विषय आहे. या प्रश्नाची दोन ठोकळेबाज उत्तरे प्रचलित आहेत. एक उत्तर सांगते की जेत्यांनी जितांचे देव पुसून टाकले. दुसरे सांगते की आपल्याकडे सारे गोडीगुलाबीने एकरूप झाले. बीड जिल्ह्याची भूमी या दोन्ही उत्तरांना पुरून उरते.

अंबाजोगाईचीच दुसरी कथा पाहावी. योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता. वऱ्हाड निघाले, पण मुहूर्त टळला, पहाट झाली आणि सारे वऱ्हाड पाषाणरूप झाले. देवी कुमारिकाच राहिली. एकीकडे ज्योतिर्लिंग म्हणून देशभर मान्यता पावलेले परळीचे शिवस्थान, दुसरीकडे जवळच आपल्या गावाला आपले नाव देणारी जोगाई. मोठ्या दैवताच्या घरात तिला सामावून घेण्याचा बेत झाला, तो सिद्धीस गेला नाही आणि तिचे स्वतंत्र ठाणे टिकले, असा या कथेचा अर्थ लावता येतो. योगेश्वरी हे संस्कृत नाव आणि जोगाई हे घरगुती नाव, दोन्ही आजही शेजारी शेजारी नांदतात.

शेताच्या बांधावरच्या शेंदरी म्हसोबाची गोष्ट याहून बोलकी आहे. दामोदर कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ या 1962 च्या ग्रंथात ती मांडली. पुराणातील देवी महिषासुराचा वध करते. पण दख्खनच्या काही ठाण्यांवर हाच म्हसोबा देवीचा नवरा आहे. पुणे जिल्ह्यातील वीरच्या म्हस्कोबाचे जोगूबाईशी लग्न लागते. वैर आणि विवाह या दोन कथा एकाच दैवतांच्या कशा? कोसंबींचे उत्तर असे, की देवीला पूजणारे आणि गुरे घेऊन आलेले पशुपालक हे लोक जेथे भांडले तेथे देवांचे युद्ध झाले आणि जेथे एकत्र नांदू लागले तेथे देवांचे लग्न लागले. या मीमांसेवर मतभेद होऊ शकतात. परंतु दैवतकथा ही दोन उत्पादक समाजांमधील संबंधांची नोंद असू शकते, ही दृष्टी कार्यकर्त्याने आत्मसात करावी अशी आहे.

या नोंदीत पायरीही लिहिलेली असते. खंडोबाला म्हाळसा ही लिंगायत वाण्याची कन्या आणि बाणाई ही धनगराची कन्या, अशा दोन बायका. कथापरंपरेत त्याला शिंपीण, माळीण आणि मुसलमान स्त्रीही आहे. बीड शहराच्या पूर्वेकडील टेकडीवरही या देवाचे देऊळ आहे. एवढ्या जातींना सोयरिकीत घेणारा देव पाहून समन्वयाचे गोडवे गाण्याचा मोह होतो. पण जेजुरीच्या गडावर म्हाळसा गाभाऱ्यात देवाजवळ आहे आणि बाणाईचे देऊळ खाली, पायऱ्यांच्या वाटेवर आहे. सवतींच्या भांडणाची कथा त्याचे कारण सांगते. धनगरांची देवी देवाच्या कुटुंबात आली हे खरे. ती कोठे बसली, हेही तितकेच खरे.

गावगाड्यात ही उतरंड अधिक कठोर होती. मरीआई, लक्ष्मीआई या रोगराईच्या देवता गावाच्या वेशीबाहेर. त्यांची सेवा पोतराजाकडे. दसऱ्याच्या रेड्याच्या बळीत महार-मांगांना मान, पण देवळाच्या उंबरठ्याच्या आत त्यांना पाऊल टाकता येत नसे. ज्यांच्या देवांवाचून गावाचे चालत नव्हते त्यांच्या स्पर्शाने गाव विटाळत होते. देव स्वीकारले गेले, माणसे नाकारली गेली. अशा समन्वयाला सहिष्णुता म्हणणे ही स्वतःची फसवणूक होय.

दूरच्या एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. मेक्सिकोत स्पेनच्या वसाहतकारांनी मूळ रहिवाशांची देवळे पाडली. परंपरा असे मानते, की 1531 साली तेपेयाक टेकडीवर मेरीमातेने एका स्थानिक शेतकऱ्याला दर्शन दिले. त्या परिसरात पूर्वी तोनान्त्सिन या देवीची पूजा होत असे. ग्वादालुपेची सावळी मेरी ही आज मेक्सिकोची राष्ट्रमाताच मानली जाते. जितांची माता जेत्यांच्या धर्मात परतली. त्यांच्या जमिनी मात्र परतल्या नाहीत. म्हणून देव कोणाचा टिकला एवढे विचारून भागत नाही. जमीन, पाणी आणि मान कोणाकडे गेला हेही विचारावे लागते.

परंतु तळाचा माणूस हे सारे मुकाट्याने सोसत राहिला, असे नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असे मानणार नाही, ही त्यांतील एक. हिचे मर्म येथे ध्यानात येते. समोरच्याचा देव आपल्या देवाचा अवतार ठरवणे ही त्याला पोटात घेण्याची जुनी रीत. बाबासाहेबांनी पोटात जाण्यास नकार दिला. मराठवाड्यातील असंख्य बौद्ध कुटुंबांनी मरीआईची सेवा आणि बळीचा ‘मान’ टाकून दिला. धर्म बदलण्याची ही तिसरी वाट आहे. युद्ध नाही, सोयरीक नाही. अपमानास्पद अटींवरचा करारच मोडून टाकणे.

इस्लामचे या भूमीतील आगमनही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. राज्यकर्ते बदलले. निजामाच्या काळात अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद झाले. सत्तेच्या दंडेलीची उदाहरणे झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण त्याच मुलखात सूफी आणि नाथपंथी एकमेकांच्या भाषेत बोलू लागले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदाने ‘योगसंग्राम’ लिहिला तो मराठीत. बीडमध्ये शहेनशाहवलींचा दर्गा आहे. आष्टी तालुक्यात सावरगावला मायंबा, म्हणजे मच्छिंद्रनाथ. आणि जिल्ह्याच्या सीमेलगत, पाथर्डी तालुक्यातील मढीला कानिफनाथ. याच कानिफनाथांना मुसलमान भाविक शाह रमजान माही सवार म्हणून ओळखत आले. होळीपासून पाडव्यापर्यंत चालणारी मढीची यात्रा ही भटक्या-विमुक्तांची पंढरी. गाढवांचा बाजार तेथे भरे, जातपंचायती तेथे बसत. ज्यांना कोणत्याच गावाने आपले म्हटले नाही, त्यांना वर्षातून एकदा तेथे हक्काचे गाव मिळे.

त्याच मढीच्या ग्रामसभेने 2025 च्या फेब्रुवारीत यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. प्रशासनाने तो वैध मानला नाही, हे योग्यच झाले. परंतु प्रश्न एका ठरावाने सुरू झालेला नाही आणि तो रद्द ठरल्याने संपणाराही नाही. देवाचे मूळ एकच होते, ते आमचेच होते आणि बाकीचे आगंतुक आहेत, हा विचार त्यामागे आहे. या विचाराला बीडच्या डोंगरातील दगडही साक्ष देणार नाहीत. परळीच्या ज्योतिर्लिंगाच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. त्या चौंडीच्या धनगर घरातील कन्या. पंढरीचा विठ्ठल हा मूळचा गवळी-धनगरांचा देव, असे रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या 1984 च्या ग्रंथात साधार मांडले. मूळ शोधत निघाले की वाट मेंढवाड्यापाशी, वेशीबाहेरच्या दगडापाशी आणि माहेरून आलेल्या सुनेपाशी जाऊन पोचते.

शिवाय आगंतुक कोण? दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील लाखो ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेऊन, कोयता आणि बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याच्या माळावरच्या कोपीत राहणारा तो माणूस तेथे उपराच असतो. आधी आलेल्याचाच हक्क, हे तत्त्व मान्य केले तर उद्या त्याच्याविरुद्धही ठराव होऊ शकेल.

समाजवादी कार्यकर्त्याचे काम यातून दुहेरी ठरते. शुद्ध मूळ धर्माचा दावा करणाऱ्यांना या भूमीच्या दैवतकथा दाखवून निरुत्तर करायचे, हे सोपे काम. समन्वयाच्या नावाखाली झाकलेली पायरी उघडी करायची, हे अवघड काम; कारण तेथे आपल्याच गावातील मानपान दुखावतात. जत्रेत पालखीचा खांदा कोणाला, विश्वस्त मंडळावर कोण, देवस्थानची जमीन कोण कसतो, पुजारीपणाचा हक्क कोणत्या घराकडे, सेवेकरी स्त्रीचा त्यात वाटा किती, हे प्रश्न प्रत्येक गावात विचारता येतील आणि विचारले पाहिजेत.

वधू देताना अंबाजोगाईकरांनी अट घातली, असे कथा सांगते. गावाच्या वेशीबाहेर राहणाऱ्यांना अशी अट घालता आली नव्हती. ज्या दिवशी एकत्र राहण्याच्या अटी दोन्ही बाजूंना सारख्याच अधिकाराने घालता येतील, त्या दिवशी देवी कोणाची हा प्रश्न उरणार नाही. तोवर देऊळ कोणाचे, हा प्रश्न विचारत राहिले पाहिजे.