एक पेटी, अनेक खेळ

नाणे टाकून खेळावयाची चित्रयंत्रे जपान-अमेरिकेतील करमणूकगृहांत प्रथम उभी राहिली, तेव्हा एका पेटीत बहुधा एकच खेळ असे. १९८० साली जपानच्या नामको कंपनीने ‘पॅक-मॅन’ हा खेळ काढला आणि अमेरिकेत मिडवे कंपनीने त्याच्या पेट्या बनविल्या. माणसाच्या उंचीची पेटी, आत चित्रनलिका आणि विद्युत्-मंडलांची एक फळी. त्या फळीवर त्या एका खेळाचा कार्यक्रम. पुढे करमणूकगृहे ओसरली, पेट्या हौशी लोकांच्या घरी आल्या. पण घरात दुसऱ्या पेटीला जागा कोठून आणावयाची? मग एकाच फळीवर, तिलाच मानवणारे अनेक खेळ बसविण्याची युक्ती निघाली. त्या युक्तीचा शेवटचा भाग, म्हणजे खेळ निवडण्याचा खटका फळीपासून दूर, हाताशी आणून बसविणे, हा वाटतो तितका क्षुल्लक नाही.

‘पॅक-मॅन’चा कार्यक्रम १६ किलोबाइटचा. तो प्रत्येकी ४ किलोबाइटच्या चार स्मृतिचिपांत वाटलेला असतो. आकृत्यांसाठी आणखी दोन चिपा असतात. आज ३२ किलोबाइटची चिप सहज मिळते. म्हणजे जुन्या एका चिपेच्या जागी आठ खेळांचे तेवढेच भाग राहू शकतात. जुन्या चिपेला २४ पाय, नवीला २८. म्हणून मध्ये जोडणीची एक छोटी पट्टी लागते. नव्या चिपेच्या पत्त्याच्या पंधरा तारांपैकी बारा फळी स्वतः चालविते. उरलेल्या तीन तारा कोणता खेळ चालू राहावा हे ठरवितात.

तीन तारांनी आठ खेळ कसे निवडता येतात, हे कळण्यास जुन्या वाण्याची वजने आठवावी. छटाक, अदपाव आणि पावशेर एवढी तीनच वजने घेऊन तो एक छटाकापासून सात छटाकांपर्यंत कोणतेही माप करी. आणि पारडे रिकामे ठेवले की आठवी स्थिती. तारांचेही तसेच. प्रत्येक तार चढलेली किंवा उतरलेली. त्यांच्या आठ जुळण्या, आणि जुळणी तसा खेळ.

या तारांचे चिमुकले खटके पुष्कळदा फळीवरच बसविलेले असतात. मग खेळ बदलण्यासाठी पेटीची पाठ उघडून आत हात घालावा लागतो. चित्रनलिकेवर हजारो व्होल्टचा दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो. मुलाच्या हट्टापायी तेथे हात घालणे म्हणजे विस्तवाशी खेळ. खटका दूर नेण्याचे खरे कारण सोय नव्हे, सुरक्षितता हे आहे.

बांधणी पुढीलप्रमाणे करावी. फळीच्या बाजूस प्रत्येक तार ४.७ किलोओहमच्या रोधकातून ५ व्होल्टशी जोडावी. खटक्याने ती केवळ भूतारेला टेकवावी. मग प्रवाह सुमारे एक मिलिअँपिअरच राहतो आणि बारीक तार पुरते. वाटेत तार तुटलीच, तरी पातळी अधांतरी न राहता चढलेलीच राहते. लांब तार आजूबाजूचा विद्युत्-गोंगाट पकडते. म्हणून ती चित्रनलिकेपासून व रोहित्रापासून दूर न्यावी, सोबत भूतार ठेवावी आणि फळीच्या टोकाशी ०.१ मायक्रोफॅरडचा धारित्र भूतारेशी जोडावा.

दूरच्या टोकाला अंक दाखविणारा फिरता खटका उत्तम. येथे एक गोम आहे. साध्या संकेताच्या खटक्यात शून्यावर सर्व संपर्क उघडे असतात. उघडी तार चढलेली, म्हणून शून्यावर शेवटचा खेळ लागतो आणि सातावर पहिला. यात यंत्राचा दोष नाही. उलट संकेताचा खटका घ्यावा, किंवा चिपेत खेळ उलट्या क्रमाने भरावेत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. खेळ चालू असताना खटका फिरविला, तर प्रक्रियक एका पोथीतील अर्धी ओवी वाचत असतानाच हाती दुसरी पोथी पडावी तसा भांबावतो. म्हणून शेजारी पुनरारंभाची कळ हवी. ती दाबून धरावी, खटका फिरवावा, मग कळ सोडावी. प्रक्रियक शून्य पत्त्यापासून नवा कार्यक्रम वाचू लागतो.

ही गरज पुढे निर्मात्यांनीही ओळखली. १९९० साली एसएनके कंपनीने ‘निओ जिओ’ यंत्र आणले. त्याच्या मोठ्या प्रकारात सहापर्यंत खेळ बसत आणि ते निवडण्याचे बटन खेळणाऱ्याच्या पुढ्यातच असे.

जुन्या पेटीत मात्र हे बटन बसवावयाचे कोठे? समोरच्या फळकुटाला भोक पाडणे सर्वांत सोपे. परंतु चार दशके टिकलेल्या पेटीला पाडलेले भोक बुजविता येते, नाहीसे करता येत नाही. त्यापेक्षा नाणी काढण्याच्या दारामागे, आधीच असलेल्या एखाद्या स्क्रूवर पत्र्याची पट्टी बसवून खटका तीवर ठेवावा. दार उघडले की तो हाताशी येतो, लावले की दिसत नाही, आणि चित्रनलिका दूरच राहते. काढलेल्या मूळ चिपा पाकिटात घालून पेटीतच जपून ठेवाव्यात. उद्या पेटी दुसऱ्याच्या हाती गेली आणि त्याला ती १९८० सालासारखी हवी असली, तर अर्ध्या तासात ती तशी करता आली पाहिजे. जुन्या वस्तूच्या दुरुस्तीची हीच कसोटी होय.