सात बहिणी आणि विहीर

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीतून बोलतोय.

मागच्या भागात आपण ग्रीक पुराणातली समुद्रदेवी डोरिस ऐकली. ओकेआनस आणि टेथिस यांची ही लेक. नेरेउसशी लग्न झालं, पन्नास मुली झाल्या. त्यातली अँफिट्रिटी पोसायडनला दिली, थेटिसच्या पोटी अकिलीस आला. सगळं कसं वंशावळीत बसलेलं.

आता आपल्याकडं या. विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड असतात ना, त्या साती आसरा. आसरा म्हणजे अप्सरा. मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी अशी त्यांची नावं सांगतात. म्हणजे मासळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगरसुद्धा घरातलीच! आई-बाप कोण, हे कुणी विचारत नाही. सोबतीला म्हसोबा, काही ठिकाणी त्याला त्यांचा भाऊ मानतात.

आमची आजी त्यांना दहीभात आणि हिरव्या बांगड्या वाहायची. आम्हा पोरांना दम द्यायची, "वाकू नका, आसरा वढून नेतील." त्या भीतीनंच आम्ही खोल पाण्यापासून लांब राहिलो.

डोरिसचं घर पोथीत आहे. पाणी आटलं तरी ते राहतं. आसरांचा पत्ता मात्र विहीर हाच. आम्ही बोअर घेतला, जुनी विहीर बुजवली, सात दगड लिंबाखाली नेऊन ठेवले. आजीनं एवढंच विचारलं, "आता ह्या बायांनी ऱ्हायचं कुठं?"

माझ्याकडं अजून उत्तर नाही. तुमच्या विहिरीवरचे सात दगड आज कुठं आहेत, तेवढं बघून कळवा.