भंगारातले शिरस्त्राण आणि पाण्याखालचा श्वास



मल्लिक बाजारात जुन्या मोटारींच्या सुट्या भागांसाठी ज्यांनी एकवार तरी पायपीट केली आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको की, या कलकत्ता शहरात मोडीत निघालेल्या लोखंडाचे दिवस सहसा भरत नाहीत. आणि म्हणून पाणबुड्याचे शिरस्त्राण भंगारातून घरच्या घरी करता येईल काय, असा सवाल येथील एखाद्या हुन्नरी तरुणाने केल्यास, निदान धातूपुरते तरी त्याला होकारार्थी उत्तर द्यावे लागेल. १९३० च्या आगेमागे अमेरिकेतील हौशी मंडळींनी पाणी तापविण्याच्या जुन्या टाक्या कापून, कडा खांद्यांवर बसतील अशा वळवून, समोर जाड काच सांधून, मोटारीच्या चाकात हवा भरण्याचा पंप आणि बागेतली रबरी नळी यांच्या साहाय्याने अशी शिरस्त्राणे केली होती; आणि विल्यम बीब यांच्यासारखा नामांकित प्राणिशास्त्रज्ञ त्या उद्योगास उघड उत्तेजन देत असे.

अशा शिरस्त्राणाचे तोंड खाली उघडेच असते. आत तीस लिटर हवा मावत असेल, तर पाणी त्यास सुमारे तीस किलो भाराने वर ढकलते, आणि शिसे लटकवून एकूण वजन तितके केल्याविना ते खाली जातच नाही. वजन घटविण्यात आयुष्य घालविलेल्या कारागिराची येथे चांगलीच फजिती होते.

तथापि पत्रा, काच आणि शिसे ही या कामातली हलकी बाब होय. खरा प्रश्न हवेचा, कारण ती हाताला लागत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही. इंग्लंडच्या नौदलासाठी जॉन स्कॉट हाल्डेन यांनी केलेल्या संशोधनात असे आढळून आले की, तळाशी पाणबुड्यास जी धाप लागते, तिचे कारण बव्हंशी पंपाची अपुरी हवा आणि त्यामुळे साचणारा त्याचाच उच्छ्वास हे असते. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, म्हणून पंपाने वरची हवाही दुप्पट द्यावयास हवी. काठावर बसून ज्या पंपाची आपण वाहवा करतो, तो तळाशी मनुष्यास उपाशी ठेवतो.

या हाल्डेनांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन १९५७ साली महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, म्हणजे आपल्या बराकपूर ट्रंक रस्त्यावर, येऊन राहिले. १९३९ मध्ये ‘थेटिस’ ही पाणबुडी बुडून नव्याण्णव माणसे दगावल्यावर त्यांनी पोलादी कोठडीत स्वतःला कोंडून घेऊन दाबाखालच्या हवेचे प्रयोग केले होते, आणि त्यांपैकी एका प्रयोगात आलेल्या झटक्यात पाठीचा कणाही दुखावून घेतला होता.

पण दाबाखालच्या हवेचा याहून जवळचा दाखला हावड्याच्या पुलाचा आहे. कलकत्त्याच्या बाजूचा पाया १०३ फूट खोल नेताना वाहती वाळू आत येऊ लागली, तेव्हा तिला थोपविण्यासाठी दर चौरस इंचास सुमारे ४० पौंड दाबाची हवा भरून, तीत सुमारे पाचशे मजूर राबविण्यात आले. गाळाबरोबर तेथून नांगर, तोफगोळे, पितळी भांडी आणि कंपनी सरकारची नाणी वर आली. अशा दाबातून बाहेर येणाऱ्यास सावकाश यावे लागते, कारण रक्तात मुरलेला नत्रवायू, सोडावॉटरच्या बाटलीचे बूच उडावे तसा, अंगात फसफसू लागतो. १९४३ मध्ये पूल खुला झाला. मजुरांची नावे मात्र लोकांच्या तोंडी राहिली नाहीत, याची मला खंत वाटते.

हुन्नरी तरुणास एवढेच सांगेन की, नळी शिरस्त्राणास जेथे मिळते तेथे एकमार्गी झडप हवीच. वर नळी फुटल्यास खालची दाबलेली हवा त्याच वाटेने निसटते. जुन्या पंपातली झडप वापरावयाची असेल, तर तिची चामड्याची चकती मुलाहिजा न ठेवता नवी घालावी. हवा ओढण्याचे तोंड मोटारीच्या धुरापासून दूर असावे. हुगळीच्या गढूळ ओढीत पहिली परीक्षा घेऊ नये, तळे पाहावे, पंपावर दोन असामी असाव्यात, तिसऱ्याच्या हाती दोर असावा. आणि वर येताना श्वास रोखून धरू नये, कारण दहा मीटरांवर घेतलेली हवा पृष्ठभागी दुप्पट जागा मागते आणि छातीत ती जागा नसते.