गेमचं ग्राफिक्स आणि बचत गटाचं कर्ज



आम्ही बदलापूरजवळ, बारवी धरणाच्या रस्त्यावर राहणाऱ्या बाया. आमच्या बचत गटात आम्ही चौदा जणी. मागच्या खेपेला जांभळाचं सरबत कसं टिकवायचं ते आम्ही रेडिओवर सांगितलं होतं. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. हसा, आम्हीही हसलो होतो. आज आम्ही गेमबद्दल बोलणार आहोत. मुलं मोबाइलवर, कॉम्प्युटरवर खेळतात ते गेम. त्यातही एका गेमचं चित्र दुसऱ्यापेक्षा चांगलं, हे कशावरून म्हणायचं, याबद्दल.

आमच्यावर ही वेळ आली ती कर्जामुळे. गणपती झाल्यावरच्या बैठकीत आमच्यातल्या एका वहिनीने पंचावन्न हजार मागितले. कशाला, तर लेकीच्या कॉम्प्युटरला. लेक बारावी झाली, आता गेममधले डोंगर, घरं, रस्ते तयार करायचं काम शिकते. रोज लोकलने कल्याणला क्लासला जाते. दुकानदाराने लिहून दिलेल्या कागदावर निम्मे पैसे एकाच वस्तूचे होते. ती वस्तू म्हणजे ग्राफिक्स कार्ड. गटाने आजवर शेळ्यांना कर्ज दिलं, शिलाई मशीनला दिलं, बियाण्याला, बाळंतपणाला दिलं. गेमला कधी दिलं नव्हतं. एक काकी सरळ म्हणाल्या, "आणि उद्या पोरगी पैसे लावून खेळायला लागली तर?"

काकींची भीती खोटी नव्हती. मोबाइलवर पैसे लावून बापाची मजुरी घालवलेली पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण ते खेळ वेगळे. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी आणली. ही मुलगी म्हणते ते काम चित्रकाराचं आहे. तरी ग्राफिक्स म्हणजे काय हे आमच्यातल्या एकीलाही सांगता येईना. शेळीला कर्ज देताना आम्ही शेळी बघायला जातो. तसं इथेही बघायला जायचं ठरलं.

सुरुवात घरापासूनच केली. आमच्या वाडीतली पोरं 'इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी' हा गेम खेळतात. फुकट मिळतो, साध्या मोबाइलवर चालतो, मधेमधे जाहिराती येतात. त्यात मोटारसायकल घ्यायची आणि वाटेल तिथे फिरायचं. अशा गेमला ओपन वर्ल्ड म्हणतात, म्हणजे मोकळं जग. साध्या गेममध्ये एक वाट ठरलेली असते, त्या वाटेवरून दिसेल तेवढंच रंगवलं की झालं. मोकळ्या जगात खेळणारा कुठेही वळेल, कुठल्याही टेकडीवर चढेल, रात्री येईल, भर दुपारी येईल. म्हणून सगळं सगळ्या बाजूंनी तयार ठेवावं लागतं. चित्राची खरी परीक्षा तिथे लागते.

पोरांच्या मोबाइलवर आम्ही नीट पाहिलं. घरं म्हणजे खोकी. रस्त्यावर माणूस विरळ. पाणी म्हणजे निळी सतरंजी अंथरलेली. पण पोरं खूश. कारण गाडी आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांसारखी आहे. शिवाय सहा इंचांच्या काचेवर एवढं बारीक बघतो कोण?

मग एका रविवारी आम्ही सहा जणी लोकलने उल्हासनगरला गेलो. वहिनीचा भाचा कॅम्प नंबर चारमध्ये राहतो. जीन्स शिवायच्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि गेमचा मोठा शौकीन. पोरगी बरोबर होतीच. त्याने आधी जुना गेम लावला, २००४ सालचा 'जीटीए सॅन अँड्रियास'. आमच्यातल्या दोघींचे भाऊ सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून हाच खेळायचे, त्यांना लगेच ओळखू आला. त्यात लांबचं सगळं नारिंगी धुरकट दिसतं. आम्हाला वाटलं, तिकडची हवाच तशी असेल. मुलगी म्हणाली, "नाही मावशी. तेव्हाच्या मशीनला लांबपर्यंत काढणं झेपत नव्हतं, म्हणून पुढे धुकं सोडायचे." बनवणाऱ्यांची हुशारी आम्हाला आवडली.

त्यानंतर त्याच कंपनीचा २०१३ सालचा 'जीटीए फाइव्ह'. हा गेम अठरा वर्षांच्या खालच्या मुलांसाठी नाही. मारामारी सुरू झाली तसं काकींनी ते बंद करायला लावलं. आम्ही नुसते रस्ते आणि समुद्रकिनारा बघितला. तुमच्या घरात दहा-बारा वर्षांचं पोर हे खेळत असेल तर डब्यावरचा वयाचा आकडा वाचा, एवढं जाता जाता सांगतो.

भाच्याने एकच रस्ता दोनदा दाखवला. आधी सगळं सेटिंग खाली. गवत गायब, सावलीच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या. मग सेटिंग वर. गवत आलं, गाडीच्या पत्र्यात आभाळ दिसायला लागलं. मग त्याने सगळंच शेवटपर्यंत चढवलं, तर चित्र अडखळायला लागलं. तिथे आम्हाला पहिली गोष्ट कळली. चित्र किती भरलेलं आहे हे एक, आणि ते सेकंदाला किती वेळा नवं काढलं जातं हे दुसरं. सिनेमाला सेकंदाला चोवीस चित्रं पुरतात. गेममध्ये तीस तरी लागतात, साठ असली तर हात हलवला की लगेच पुढचं दिसतं. एक वाढवलं की दुसरं कमी होतं. दोन्ही हवं असेल तर महाग कार्ड.

आता कार्ड करतं काय? रांगोळीचे ठिपके डोळ्यांसमोर आणा. स्क्रीन म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. साधारण चांगल्या स्क्रीनवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६००. ज्याला फोर के म्हणतात त्या स्क्रीनवर आडवे ३८४० आणि उभे २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. बरोबर चौपट. एवढे सगळे ठिपके सेकंदाला साठ वेळा पुन्हा रंगवायचे. चौपट ठिपके म्हणजे कार्डाला तेवढंच जास्त काम. दुकानदाराच्या कागदावर फोर केचं कार्ड लिहिलेलं होतं, हे आम्हाला तिथे बसून समजलं.

पण ठिपके वाढले म्हणून चित्र चांगलं होतंच असं नाही, हेही त्याच दिवशी कळलं. भाच्याने मित्राकडून हातात धरायचा एक छोटा गेमचा डबा आणून ठेवला होता. त्यावर 'झेल्डा, ब्रेथ ऑफ द वाइल्ड' लावला, जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा, २०१७ चा. हातात धरून खेळताना त्याचे ठिपके १२८० आणि ७२०, म्हणजे त्या साधारण स्क्रीनच्या निम्मेही नाहीत. आणि आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींना तोच सगळ्यात आवडला. गवत वाऱ्याने एका बाजूला झुकतं, पाऊस आला की डोंगर फिका होतो. खऱ्यासारखं दिसायचा तो आवच आणत नाही, रंगवलेलं चित्र असल्यासारखा दिसतो. आजी म्हणाल्या, आपल्या वारली चित्रातली माणसं दोन त्रिकोणांची असतात, पण नाचताना दिसतात की नाही?

सगळ्यात जास्त वेळ आम्ही बसलो तो 'रेड डेड रिडेम्प्शन टू' बघत. हा २०१८ चा, १८९९ सालची अमेरिका दाखवणारा. घोडागाडी चिखलातून गेली की चाकोरी उमटते. माणूस पडला की कपड्याला चिखल लागतो. शेतात राबणाऱ्या बायांना चिखल कळतो, आणि हा चिखल खरा होता. पण नीट पाहिल्यावर काकींनीच एक चोरी पकडली. लांबचं झाड आधी नुसतं पुठ्ठ्यासारखं असतं, जवळ गेलं की टपकन त्याला फांद्या-पानं येतात. पोरगी हसली. म्हणाली, सगळेच गेम असं करतात, चांगला गेम म्हणजे ज्यात तुम्हाला ते कळत नाही. या गेमला कॉम्प्युटरवर १५० जीबी जागा लागते. आपल्याकडच्या कितीतरी मोबाइलांची सगळी जागा ६४ जीबी असते. विचार करा.

मग आपला सह्याद्री. 'अनचार्टेड, द लॉस्ट लेगसी' हा २०१७ चा गेम कर्नाटकातल्या पश्चिम घाटात घडतो. दोन बाया जीप घेऊन फिरतात. सगळा गेम मोकळा नाही, पण घाटाचा एक मोठा भाग कसाही फिरता येतो. होयसळांच्या देवळांवरून त्यातली देवळं रचली आहेत. हिरवा रंग बरोबर पावसाळ्यातला धरला आहे. पण ऊन? सगळीकडे संध्याकाळच्या सोन्यासारखं. आपल्याकडे पावसाळ्यात दुपारी बारालाही सावली पडत नाही, सगळं सारखं मिणमिणतं, ते त्यात नाही. आणि देवळं अवाढव्य. आपल्या अंबरनाथचं शिवमंदिर बघा, शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं. तिथलं कोरीव काम हात पुरेल इतक्या जवळ आहे. जवळ जाऊन झिजलेला दगड बघावा लागतो. पोरीने त्याचे मोबाइलवर शंभरेक फोटो काढून ठेवलेत, दगडाचा पोत घ्यायला.

परत येताना लोकलमध्ये एकीने विचारलं, "तुला नक्की काय काढायचंय ग?" ती म्हणाली, "पूर." मैत्रिणींनो, २०१९ च्या जुलैत उल्हास नदी कशी चढली ते आमच्या भागातलं कुणी विसरलेलं नाही. बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, हजाराहून जास्त माणसं बोटींनी काढली. ही तेव्हा लहान होती, माळ्यावर बसून पाणी बघत होती. ती म्हणाली, "काकी, सगळ्या गेममध्ये पाणी निळं-हिरवं, स्वच्छ. आपल्या पुराचं पाणी चहासारखं असतं, त्यातून आरपार दिसत नाही, कडेला फेस असतो. ते कुणीच काढलेलं नाही." गाडीत मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

पुढच्या बैठकीत तिने आम्हाला आणखी माहिती दिली. हे काम करायचं ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. अनरियल नावाचं दुसरं एक आहे, तेही शिकायला पैसे लागत नाहीत. महाग आहे ते मशीन. मैत्रिणीच्या जुन्या लॅपटॉपवर तिला एक चित्र तयार व्हायला रात्रभर ताटकळावं लागत होतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला, भावाला शोधायला निघालेल्या मुलीचा, राजस्थानी वाड्यांसारख्या देखाव्यांचा. तो मोकळ्या जगाचा नाही, पण ती कंपनी उभी करणाऱ्यांत श्रुती घोष ही चित्रकार बाई आहे. मुंबईवर बेतलेला 'मुंबई गल्लीज' हा मोकळ्या जगाचा गेम मुंबईच्याच गेमइऑन कंपनीने जाहीर केला आहे. म्हणजे असं काम आपल्या राज्यात होतं. नोकरी मिळेलच असं मात्र तिने सांगितलं नाही, आणि ते आम्हाला बरं वाटलं.

दुकानात आम्ही परत गेलो, पोरीला घेऊन चौघी. दुकानदाराने मोठ्या स्क्रीनवर झगमगीत व्हिडिओ लावला. आम्ही म्हटलं, हा व्हिडिओ झाला, आम्हाला याच मशीनवर गेम चालवून दाखवा. साडी आपण दुकानाच्या दिव्यात घेत नाही, दारात उन्हात नेऊन बघतो. मोठमोठ्या कंपन्यांनीही असं केलं आहे. 'वॉच डॉग्स' गेम २०१२ मध्ये दाखवला तेव्हा एक दिसत होता, २०१४ मध्ये हातात आला तेव्हा लोक म्हणाले, चित्र उतरलं. 'सायबरपंक २०७७' तर २०२० च्या डिसेंबरमध्ये जुन्या मशीनवर इतका बिघडून चालला की सोनीने काही महिने आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत दिले. आमच्या दुकानदाराने कुरकुर करत गेम लावला. आम्ही पंधरा मिनिटं बसलो. माणसाच्या पायाखाली सावली आहे की तो तरंगतोय ते बघितलं. पाणी काठाला भिडतं तिथे सरळ रेघ दिसते का ते बघितलं. घोडा पळवायला लावून लांबची झाडं बघितली. दुकानातली पोरं आमच्याकडे बघत होती.

शेवटी फोर केचं कार्ड रद्द केलं. साध्या स्क्रीनपुरतं, वापरलेलं पण तपासून घेतलेलं कार्ड घेतलं, पावती आणि सहा महिन्यांची लेखी हमी घेऊन. सगळं मिळून चौतीस हजारांत बसलं. दोघी जणी शेवटपर्यंत नाहीच म्हणत होत्या. त्यांचं म्हणणं वहीत लिहून ठेवलं आहे, आणि कर्ज बाकीच्यांच्या मताने दिलं आहे. हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला. आजवर तीन आलेत, तिसरा चार दिवस उशिरा.

परवाच्या बैठकीत तिने कॉम्प्युटरवर केलेला पूर मोबाइलवर आणून दाखवला. पाणी चहाच्या रंगाचं जमलं आहे. काठावर जांभळाचं झाड आहे, अर्धं बुडालेलं. काकींनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून बघितलं आणि विचारलं, "फांद्यांना अडकलेला कचरा कुठाय? पूर येऊन गेल्यावर प्लास्टिक आणि गवत महिनाभर लटकत असतं." ते राहिलं होतं. आता ती तेच करते आहे.